पोरसाचं सैन्य रंगवायचंय? पांढरी बाटली सगळ्यात शेवटी उघडा

प्राचीन लढायांचा मिनिएचर वॉरगेम, म्हणजे टेबलावर रंगवलेल्या छोट्या बाहुल्यांनी खेळायची लढाई, खेळायला लागलेला माणूस पहिलं सैन्य म्हणून बहुधा रोमन नाहीतर अलेक्झांडरचे मॅसिडोनियन घेतो. मी विचारणाऱ्याला पोरसाचं घ्यायला सांगतो. इसवी सनपूर्व 326 मध्ये झेलमच्या काठावर अलेक्झांडरसमोर उभं राहिलेलं हे सैन्य. हत्ती, रथ, घोडदळ आणि माणसाएवढी उंच धनुष्यं असलेलं पायदळ, टेबलावर मांडलं की बघणारा थांबतोच. अडचण एकच: जवळजवळ सगळे पांढऱ्या सुती कपड्यांत आहेत. आणि पंधरा मिलिमीटरच्या बाहुलीवर पांढरा कपडा नीट उतरवणं हे या छंदातलं सगळ्यात चिवट काम. मला स्वतःला इथेच सर्वांत जास्त झगडावं लागलं, त्यामुळे लेखाचा मोठा भाग त्यावरच जाणार आहे. बाकीचं पटापट उरकू.

किती आणि काय घ्यायचं

नियम डीबीएचे (‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’) धरा. ब्रिटनच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने ते 1990 मध्ये काढले आणि छोट्या खेळासाठी आजही यापेक्षा सोयीचं मला काही सापडलेलं नाही. सैन्य फक्त 12 बेसचं; बेस म्हणजे एका पथकाच्या फिगर, म्हणजे बाहुल्या, ज्यावर चिकटवतात तो सपाट तुकडा. पंधरा मिलिमीटरच्या फिगरसाठी प्रत्येक बेसची रुंदी 40 मिलिमीटर ठरलेली. पुढून मागपर्यंतची खोली पथकाप्रमाणे बदलते, पायदळाची कमी, हत्तीची पूर्ण 40. सुमारे दोन फूट बाय दोन फूट जागा, सहा बाजूंचा फासा आणि तासभर वेळ, एवढ्यात एक लढाई होते. म्हणजे तीस-चाळीस बाहुल्या रंगवल्या की तुम्ही खेळायला मोकळे. ‘आधी शंभर फिगर घे, मग बघू’ असा सल्ला देणाऱ्यांच्या कपाटात न रंगवलेल्या फिगरचीच पाकिटं जास्त असतात.

फिगर धातूच्या घ्या किंवा ओळखीत कोणाकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल तर छापून घ्या, दोन्ही चालतं. घेताना दोन गोष्टी बघा. धनुष्य माणसाच्या उंचीचं हवं. अरियन या ग्रीक लेखकाने ‘इंडिका’त स्पष्ट लिहिलंय की भारतीय पायदळाचं धनुष्य वापरणाऱ्याच्याच उंचीचं असे, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ताणायचे आणि बाण तीन हातांहून थोडाच आखूड असे. आखूड वाकडं धनुष्य घेतलेली फिगर ‘प्राचीन भारतीय’ म्हणून विकली जात असली तरी मागे ठेवा. दुसरं, हत्तीवर बुरुजासारखा हौदा नको. ते बुरूज पुढे अलेक्झांडरच्या वारसदारांच्या काळात दिसायला लागतात. याच लढाईच्या आठवणीत पाडलेली मानली जाणारी चांदीची मोठी नाणी आहेत. त्यांवर हत्तीच्या पाठीवर दोन माणसं सरळ मांड घालून बसलेली दिसतात. हौदा सुटा आला असेल तर चिकटवूच नका.

साफसफाई आणि प्रायमर

कानस मारा, भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळवा. धातूत शिसं असू शकतं, तेव्हा घासताना तोंडाला कापड आणि नंतर हात स्वच्छ. फिगर बाटलीच्या बुचावर तात्पुरत्या चिकटवा, म्हणजे रंगवताना बोटं लागत नाहीत.

प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा पायाचा थर, राखाडी. काळा नाही, पांढराही नाही. कारण पुढे येईल. पावसाळ्यात मुंबई-कोकणात स्प्रे कॅनचा नाद सोडा. हवेतल्या दमटपणाने पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यावर पांढरा रंग म्हणजे आधीच हरलेली लढाई. ब्रशने लावायचा प्रायमर पातळ करून लावा.

आधी कातडी

कपड्याआधी कातडी रंगवायची, हा क्रम बदलायचा नाही. रंगांच्या संचात ‘फ्लेश’ नावाची गुलाबी बाटली असते, ती बाजूला ठेवा. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग पाया, त्यात थोडं यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, मिसळून वरचा थर, आणि नाक, गालाचं हाड, खांदा, पोटरी एवढ्याच ठिकाणी आणखी थोडं ऑकर. ट्यूबमधले साधे आर्टिस्ट ॲक्रिलिक यासाठी पुरतात. शाळेतले पोस्टर कलर मात्र नकोत, ओल्या ब्रशने पुन्हा विरघळतात. सगळ्यांना एकच छटा देऊ नका. अंबर-ऑकरचं प्रमाण बदलून तीन मिश्रणं करा आणि फिगर वाटून टाका.

कातडी थोडी जास्तच गडद वाटली तर उत्तम. अरियननेच अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या हवाल्याने एक मजेशीर निरीक्षण नोंदवलंय: भारतीयांचं कापड इतर कुठल्याही लिननपेक्षा पांढरं आहे, किंवा मग ही माणसं सावळी असल्यामुळे ते जास्त पांढरं दिसतं. रंगवणाऱ्याला याहून नेमका सल्ला आजवर कोणी दिलेला नाही. तुमचं धोतर पांढरं दिसायचं असेल तर अर्धं काम शेजारची पोटरी करते.

आता पांढरं

इथे इंटरनेटवर दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला: काळ्या प्रायमरवर पांढऱ्याचा ड्रायब्रश मारा, म्हणजे रंग पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश उंचवट्यांवर घासा. होतं काय, कापडावर खडूची भुकटी उडाल्यासारखं दिसतं आणि घड्यांत काळं राहतं. माणूस धुतलेल्या धोतरात नाही, कोळशाच्या वखारीत उभा वाटतो. दुसरा: सगळं पांढरं करा आणि वरून तपकिरी वॉश ओता. वॉश म्हणजे खाचांत जाऊन बसणारा पातळ गडद रंग. तो खाचांत जातो हे खरं, पण सपाट भागावरही डाग सोडतो, आणि पांढऱ्यावर तो डाग लपत नाही. हे दोन्ही सल्ले भुऱ्या घोंगडीसाठी ठीक आहेत, सुती कापडासाठी नाहीत.

मूळ गोष्ट अशी की पांढऱ्या कपड्याचा बहुतेक भाग पांढरा नसतोच. दुपारी दारात वाळत घातलेल्या धोतराकडे नीट बघा: घडीच्या आत मळकट राखाडी, बाजूला पिवळसर छटा, आणि शुद्ध पांढरं फक्त उन्हाकडे तोंड केलेल्या कडेवर. फिगरवर हेच करायचं. म्हणजे पांढऱ्यापासून खाली सावलीकडे जायचं नाही, सावलीपासून वर पांढऱ्याकडे यायचं.

पहिला थर: खाकी आणि मध्यम राखाडी सम प्रमाणात. धोतर, खांद्यावरचं उपरणं, पागोटं, सगळीकडे सपाट लावा. हा रंग बघून बहुतेकांचा धीर सुटतो, ‘हे तर चिखलात लोळलेले दिसताहेत’ म्हणून तिथेच पांढऱ्याची बाटली उघडली जाते. उघडू नका. हाच थर शेवटी घड्यांच्या आत दिसणार आहे. प्रायमर राखाडी घ्यायला सांगितला तो यासाठी: पांढऱ्या प्रायमरवर सावलीचा थर नेहमी फिका ठरतो आणि काळ्यावर नको इतका मळतो, दोन्हीकडे डोळा फसतो.

दुसरा थर: तीन थेंब पांढरा, एक थेंब खाकी. हा थर घड्यांच्या उंच भागांवर, घडीची खोल रेघ मोकळी सोडून. सगळी मेख रंगाच्या दाटपणात आहे. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो, झाकण्याची ताकद जबरदस्त, पण दाट लावला की ब्रशचे ओरखडे आणि गुठळ्या तशाच वाळतात. माझी चाचणी वर्तमानपत्राची आहे. छापील मजकुरावर एक रेघ ओढा; खालचं अक्षर पुसट पण वाचता आलं पाहिजे. अक्षर पूर्ण झाकलं गेलं तर रंग दाट आहे, पाण्याचा आणखी एक थेंब. अक्षर लख्ख दिसलं आणि रेघेच्या कडेला पाणी पसरलं तर पाणी जास्त झालं. ब्रश बुडवल्यावर एकदा कागदावर टेकवून जास्तीचा ओलावा काढायचाच, नाहीतर रंग घडीत जाऊन साचतो आणि मोकळी सोडलेली रेघ बुजते.

असे पातळ दोन हात द्यावे लागतील. पहिला हात दिल्यावर डाग-डाग दिसेल, दिसू द्या. अर्धवट वाळलेल्या पांढऱ्यावर पुन्हा ब्रश फिरवलात तर खालची साय फाटते आणि तिथे खड्डा पडतो. तो खड्डा वरून कितीही रंग घातला तरी जात नाही, फिगर रंग उतरवणाऱ्या द्रावणात टाकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून एकेक फिगर पूर्ण करू नका. आठ-दहा फिगर रांगेत लावा, पहिला हात शेवटच्या फिगरपर्यंत जाईस्तोवर पहिली वाळलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये तेवढ्यानेही भागत नाही. पंखा लावा आणि चहा घेऊन या.

तिसरा थर, आणि आता कुठे ती पांढरी बाटली, काहीही न मिसळता. शुद्ध पांढरा फक्त उंचवट्यांवर: पुढे आलेल्या गुडघ्यावर ताणलेलं कापड, उपरण्याची खांद्यावरची कड, पागोट्याच्या वरच्या वेढ्यांचे माथे. कपड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त जागा याने व्यापली तर तुम्ही थांबायला उशीर केलाय. ब्रशचं टोक लहान असण्यापेक्षा टोकदार असणं महत्त्वाचं; तीन केसांच्या ब्रशवर रंग बाहुलीपर्यंत पोचायच्या आधीच वाळतो. एक नंबर मापाचा चांगला ब्रश घ्या.

शेवटी गडद अंबर भरपूर पातळ करून कपडा आणि कातडी जिथे भिडतात तिथे बारीक रेघ: धोतराची खालची कड, कंबरेचा वेढा, पागोटं आणि कपाळ यांच्यामधली फट. या एका रेघेने तीन फुटांवरून फिगर वाचता येते. आणि तीन फुटांवरूनच बघायचं आहे, कारण खेळताना अंतर तेवढंच असतं. भिंग लावून नापास केलेल्या कित्येक फिगर टेबलावर सुरेख दिसतात. दिवा मात्र पांढऱ्या प्रकाशाचाच वापरा; पिवळ्या बल्बखाली दुसरा आणि तिसरा थर एकच दिसतो, आणि हात नकळत जास्त पांढरा ओढतो.

धोतर पोटरीच्या मध्यापर्यंत येऊ द्या, अरियनचं वर्णन तसंच आहे. सेनापती आणि रथातल्या बड्या मंडळींना त्याच उताऱ्यातून थोडी ऐट देता येते: पांढऱ्या चामड्याचे जाड तळव्यांचे जोडे, छत्री, आणि रंगवलेल्या दाढ्या. पांढरी, निळसर काळी, लाल, जांभळी, हिरवीसुद्धा. हिरवी दाढी बघून प्रतिस्पर्धी हसला तर त्याला संदर्भ सांगा. पण एका बेसवर एकच, नाहीतर सैन्याची रंगपंचमी होते.

बाकीचं

पायदळाच्या ढाली कच्च्या बैलाच्या चामड्याच्या, माणसापेक्षा अरुंद पण जवळपास तेवढ्याच उंच. पिवळट तपकिरी पाया आणि त्यावर खाली उतरणाऱ्या बारीक केसांच्या रेघा. हत्ती राखाडीत अंबर मिसळून रंगवा, नुसता काळा-पांढरा राखाडी सिमेंटसारखा दिसतो. सोंडेवर आणि कानांच्या कडेला गुलाबीसर ठिपके. घोडे हवे तसे.

वॉर्निश मॅट आणि ब्रशने. दमट हवेत स्प्रे वॉर्निश मारलं तर सावळ्या कातडीवर आणि हत्तीवर पांढुरकी धुकट साय येते. आलीच तर घाबरू नका: वरून चकचकीत वॉर्निशचा हात दिला की बहुतेक वेळा ती नाहीशी होते, वाळल्यावर पुन्हा मॅट लावा.

बेस

एमडीएफचे कापलेले तुकडे, फेविकॉल, चाळलेली बारीक वाळू. रंगाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. पिवळ्या वाळवंटावर उभा केलेला पोरस मी बघू शकत नाही. अलेक्झांडरने नदी ओलांडली ती वादळी पावसाच्या रात्री. कर्टिअस या रोमन लेखकाने लिहिलंय की रथ चिखलात रुतले आणि निसरड्या जमिनीवर ती लांब धनुष्यं नीट टेकवताच येईनात. म्हणजे निम्मी लढाई चिखलाने ठरवली, आणि तुमच्या बेसवर तोच हवा: ओला, गडद तपकिरी, मध्ये हिरव्या गवताचे तुरळक झुबके. वाळूवर बर्न्ट अंबर, उंच कणांवर हलका ऑकर, रथाच्या चाकांमागे दोन चर कोरून त्यांत चकचकीत वॉर्निशचा थेंब.

धनुर्धारी बेसवर चिकटवताना चारही जण एका रेषेत उभे करू नका, पण धनुष्याची टोकंही बेसबाहेर काढू नका. खेळताना बेस एकमेकांना भिडवावे लागतात आणि बाहेर आलेलं धातूचं टोक आधी वाकतं, मग तुटतं. वाकलेलं एकदा सरळ होतं, दुसऱ्यांदा नाही. बेसच्या खाली चुंबकी शीट लावून पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि खेळायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच चालीआधी सांगा, बेस धरून उचलायचं, माणूस धरून नाही.