आधी माप, मग बेत, रंग शेवटी: परसातले पक्षी

माझं शिलाई मशीन मागच्या पडवीत, खिडकीला लागून आहे. उजेडासाठी तिथे ठेवलं आणि चौदा वर्षं झाली, गोव्यातल्या मये गावच्या आमच्या परसाकडे बघत बघतच ब्लाऊज शिवते. दोन माड, एक आंबा, केळीचं बेट, शेवगा, विहीर आणि पलीकडे गडगा, एवढीच जागा. तेवढ्यात एकसष्ट जातींचे पक्षी वहीत लिहून झालेत. माप द्यायला आलेल्या बायका विचारतात, "यांना तुम्ही घालता तरी काय?" घालत फारसं काही नाही. पाणी ठेवते आणि झाडलोट कमी करते.

पाण्यासाठी मातीचं पसरट कुंडलं घ्या, आमच्या डिचोलीच्या बाजारात मिळतं तसं. मी पहिल्यांदा स्टीलची परात ठेवली होती. पाय घसरत होते आणि अकरा वाजेपर्यंत पाणी हात पोळेल इतकं तापायचं; आठवडाभरात एक कावळा सोडून कोणी आलं नाही. कुंडल्याचा तळ खरखरीत हवा आणि पाणी बोटाच्या दोन पेरांहून खोल नको. एका कडेला चिऱ्याचा तुकडा तिरका टाका, म्हणजे लहान पक्षी उतरत उतरत पाण्यात जातो. झुडपापासून सहा-सात फूट लांब ठेवा, कारण मांजर झुडपातच दबा धरतं. पण वर एखादी फांदी असू द्या. भिजलेल्या पंखांनी लांब उडता येत नाही.

एक युक्ती सांगते. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला मशीनच्या सोळा नंबरच्या सुईने भोक पाडा, पाणी भरा आणि कुंडल्यावर टांगा. झाकण जरासं सैल करायचं, की थेंब पडू लागतो. साचलेल्या पाण्याकडे ढुंकून न बघणारे पक्षी त्या टप-टप आवाजावर येतात. पाणी रोज ओतून टाकायचं आणि सोडणाच्या, म्हणजे नारळाच्या सालीच्या, तुकड्याने घासायचं. इथे डासांचं काय होतं ते गोंयकाराला सांगायला नको.

फेब्रुवारी ते मे हा पाण्याचा खरा हंगाम. वेळ सकाळची नव्हे, संध्याकाळची, मी मशीनवरचा दिवा लावते तेव्हाची. आधी बुलबुल येतात, दंगा करत. मग चष्मेवाले, दहा-बारा एकदम. उजेड अगदी कमी झाला की स्वर्गीय नर्तक. तो काठावर बसून आंघोळ करत नाही. आंब्याच्या फांदीवरून पाण्यात सूर मारतो, परत फांदीवर, पिसं झटकतो, पुन्हा सूर. पांढराशुभ्र नर, शेपटीच्या दोन फिती वीतभर लांब, त्या अंधारात. त्या दिवशी हातातला काज वाकडा गेला आणि उसवावा लागला.

आता झाडलोट. आमच्या सासूबाईंना अंगणात एक पान खपत नाही. विहिरीमागचा पाचोळा मी ठेवला तेव्हा त्या रोज म्हणायच्या, "हो कोयर कित्याक दवरला गो?" (हा कचरा कशाला ठेवलाय गं?) शेवटी तह झाला: पुढचं अंगण त्यांचं, विहिरीमागचं माझं. त्या पाचोळ्यात दयाळ किडे शोधतो आणि नारिंगी डोक्याचा कस्तूर एकेक पान चोचीने उलटून बाजूला फेकतो, गठ्ठ्यातून खण निवडावा तसा. पाचोळ्यात कीटकनाशक मारलंत तर सगळंच संपलं, हे ओघाने आलंच.

झाडं विकत आणायची घाई करू नका. जास्वंद आणि पिटकुळी, नर्सरीवाले जिला एक्झोरा म्हणतात ती, बहुतेकांकडे असतेच. केळीची सगळी बोंडं भाजीला कापू नका. एक भाजीला, एक सूर्यपक्ष्यांना. पपईचं शेंड्यावरचं फळ तसंच पिकू द्या. आंब्यावरचं बांडगूळ सगळे तोडतात आणि आंब्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण एखादी फांदी सोडलीत तर फुलटोचा येईल. अंगठ्याएवढा पक्षी. तो बांडगुळाची फळं खातो, बी चिकट असते, मग ढुंगण फांदीला पुसतो आणि तिथेच नवीन बांडगूळ रुजतं.

शेवग्याची वाळलेली फांदी घरावर पडण्यासारखी नसेल तर ठेवा. आमच्या फांदीला तांबट पक्ष्याने घरट्यासाठी खालच्या अंगाने भोक पाडलं, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. मेलेला माड मात्र ठेवू नका. कुजक्या खोडात गेंडा भुंगा वाढतो आणि शेजाऱ्याच्या माडांना लागतो.

दाण्यांबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात तांदूळ-नाचणीला बुरशी येते, उन्हाळ्यात पारवे आणि उंदीर येतात. फरसाण, शिळा मिठाचा भात अजिबात नको. केळ्याची चकती चालेल.

आणि एक चूक, जी करू नका. घरट्यासाठी उपयोगी पडतील म्हणून मी कात्रणं आणि दोरे गडग्यावर ठेवायचे. शिंपी नावाचा पक्षी, आम्ही एकाच धंद्यातले, म्हणून कौतुक. त्याने पिटकुळीशेजारच्या अंजनाच्या दोन पानांचं घरटं शिवलं. पिल्लं उडाल्यावर मी ते हातात घेऊन पाहिलं. धावदोरा नाही, प्रत्येक टाका सुटा. चोचीने पानाला भोक, त्यातून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढून बाहेर त्याचा पुंजका केलेला, की तो मागे सरकत नाही. गाठीची गरजच नाही. पण आत एक पिल्लू मरून पडलेलं होतं, पायाला माझा पॉलिएस्टरचा दोरा, तीन फेरे. तेव्हापासून दोऱ्याचा तुकडासुद्धा बाहेर जात नाही. द्यायचाच तर शेवरीचा कापूस.

ओळख पटवायची तर नवशिके आधी रंग सांगतात. "पिवळा होता हो." शिंपिणीला विचारा, मॅचिंगसाठी कापड ट्यूबलाइटखाली बघितलं की काय होतं ते. पक्ष्याचंही तेच. आधी माप: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, की कावळ्याएवढा? मग बेत, म्हणजे अंगाची ठेवण: चोच जाड की बाकदार, शेपूट लांब की आखूड, उभी की पडलेली? मग सवय: जमिनीवर उड्या मारतो, खोडावर चढतो, की तारेवर बसून झेप घेऊन परत तिथेच येतो? रंग शेवटी.

सूर्यपक्षीच घ्या. सावलीत जांभळा सूर्यपक्षी निव्वळ काळा दिसतो, उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. विणीचा हंगाम सरला की नर कपडेच बदलतो: खालून पिवळा आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी पट्टी, बटणपट्टी शिवावी तशी. मी दोन वर्षं तो वेगळी जात म्हणून लिहीत होते. जांभळ्या पाठीचा सूर्यपक्षी ही खरोखरच वेगळी जात, त्याचा नर वर्षभर एकसारखाच असतो, छातीवर तपकिरी पट्टा आणि पोट पिवळं. माद्या ओळखायच्या गळ्यावरून: गळा राखाडी-पांढरा आणि पोट पिवळं तर जांभळ्या पाठीची, गळ्यापासून सगळंच पिवळसर तर जांभळ्याची. आणि नराची चोच फारच लांब, गोणपाट शिवायच्या वाकड्या दाभणासारखी, पोट तपकिरी, तर तो लोटेनचा.

बुलबुल सोपे. टोकदार तुरा, गालावर लाल ठिपका: शिपाई. काळं डोकं, उडताना पाठीच्या शेवटी पांढरं: लालबुड्या. पिवळ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा, लाल गळ्याचा बुलबुल गोव्याचा राज्यपक्षी आहे, पण माझ्या वहीत अजून नाही. तो मोले, सत्तरीकडच्या रानातला. परसात दिसला असं कोणी म्हणालं तर मी आधी पत्ता विचारते.

मशीन चालू असताना डोळे कापडावर असतात, तेव्हा कान कामाला येतात. एकसारखं टुक-टुक-टुक म्हणजे तांबट. कुट्रू-कुट्रू-कुट्रू म्हणजे त्याचा मोठा भाऊ, पांढऱ्या गालाचा. खोल, माठातून आल्यासारखं ऊप-ऊप-ऊप म्हणजे भारद्वाज. झुडपातून नुसतं चक्, चक्, आणि दिसत काहीच नाही, तो ब्लिथचा वटवट्या. कुहू-कुहू कोकिळ गातो, कोकिळा नव्हे. ती ठिपक्यांची, किक्-किक् करत पळते. फोनवर मर्लिन नावाचं ॲप आवाज ऐकून नाव सांगतं, चांगलं आहे, पण भृंगराज इतरांच्या नकला करतो, तेव्हा पक्षी दिसल्याशिवाय नाव लिहू नका.

वहीत तारखेबरोबर सणही लिहा, लक्षात राहतं. माझ्याकडे चवथीच्या आगेमागे करडा धोबी शेपूट हलवत विहिरीच्या काठावर येतो. तुळशीच्या लग्नापर्यंत बाकीचे हिवाळी पाहुणे येऊन पोचतात. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, सुमारास दयाळ पहाटे गाऊ लागतो आणि पाहुणे निघायला लागतात. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे परसातल्या पक्ष्यांची मोजणी, असतो, त्यात किमान पंधरा मिनिटं मोजून ईबर्ड या पक्षीनोंदीच्या संकेतस्थळावर नोंद करता येते. एका ब्लाऊजची बाही होते तेवढ्यात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखादा दमलेला नवरंग पक्षी दारात पडलेला सापडेल. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. पाणी चोचीत ओतू नका. संध्याकाळी उडाला तर उत्तम, नाही तर वन खात्याला फोन. पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कितीही गोड दिसला तरी.

राहिला आरसा. विणीच्या दिवसांत सूर्यपक्षी आणि बुलबुल स्कूटरच्या आरशातल्या स्वतःलाच वैरी समजून तासन्‌तास चोची मारतात. अस्तराच्या कात्रणांच्या मी नाडीवाल्या पिशव्या शिवल्यात, दाराच्या खुंटीला टांगून ठेवते आणि गिऱ्हाईक आलं की आधी आरशांना चढवते. जाताना काढायची आठवण करावी लागते. गेल्या महिन्यात एक जोडी तशीच पणजीपर्यंत गेली.