प्रौढपणी एडीएचडीचे निदान झाल्यावर घर, काम आणि दिवस कसा मांडावा

‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ हा शेरा माझ्या तिसरीपासूनच्या प्रगतिपुस्तकांत दर वर्षी वेगळ्या अक्षरात लिहिलेला आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी मनोविकारतज्ज्ञांसमोर बसले, तेव्हा सर्वांत उपयोगी पडला तो हाच पुरावा. वेंधळी, धांदरट, आरंभशूर ही विशेषणे तोवर इतकी अंगवळणी पडली होती की त्यामागे एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे अवघड करणारा मेंदूच्या जडणघडणीतला फरक असू शकतो, हे ऐकून मला आधी हसूच आले. माझ्यासारख्या प्रौढांना निदानाआधी आणि नंतर प्रत्यक्षात काय करता येते, ते येथे मांडले आहे.

तपासणीला जाण्यापूर्वी घरातली जुनी ट्रंक उघडावी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-5 या निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात, आणि ती घर, काम, मित्रपरिवार अशा किमान दोन ठिकाणी जाणवावी लागतात. लक्षणांचे दोन गट आहेत, एक लक्ष न टिकण्याचा आणि दुसरा अतिचंचलता व उतावळेपणाचा; सतरा वर्षे किंवा त्यावरील व्यक्तीसाठी एका गटातली पाच लक्षणे पुरतात, लहान मुलांसाठी मात्र सहा लागतात. म्हणून प्रगतिपुस्तके शोधावीत आणि आई, मावशी किंवा थोरल्या भावाला लहानपणाबद्दल विचारावे. (‘आपल्याकडे सगळेच असे आहेत’ हे उत्तर आले तर तेही लिहून घ्यावे, कारण या स्थितीत अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.) बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत बोलायला वेळ थोडा मिळतो आणि नेमके तेव्हाच काही आठवत नाही, त्यामुळे एका कागदावर प्रसंग लिहून न्यावेत. ‘मी विसराळू आहे’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘खात्यात पैसे असूनही गेल्या वर्षी विजेचे बिल चार वेळा मुदतीनंतर भरले’ असे लिहिलेले डॉक्टरांना अधिक सांगून जाते. जागतिक आरोग्य संघटनेची अठरा प्रश्नांची स्वचाचणी इंटरनेटवर मिळते, परंतु ती केवळ चाळणी आहे. थायरॉइडचे विकार, अपुरी झोप, नैराश्य आणि चिंता यांतूनही लक्ष विचलित होते, आणि ते तपासण्याचे काम डॉक्टरांचेच आहे.

निदान झाल्यानंतरची सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘आता मी नीट लक्षात ठेवीन’ असा निश्चय करणे. तीस वर्षे जे निश्चयाने साधले नाही ते निदानाच्या कागदानेही साधत नाही, म्हणून स्मरणशक्तीवरचा भार काढून तो वस्तूंवर टाकावा, आणि ती वस्तू जेथे काम करायचे असते तेथेच ठेवावी. डबा फ्रिजमध्ये विसरत असेल तर गाडीची किल्ली रात्रीच फ्रिजमध्ये डब्यावर ठेवावी, म्हणजे डबा घेतल्याशिवाय निघताच येत नाही. कोथिंबीर खालच्या कप्प्यात काळी पडून सापडत असेल तर भाज्या डोळ्यांसमोरच्या फळीवर आणाव्यात आणि तो कप्पा लोणच्याच्या बरण्यांना द्यावा, कारण जे दिसत नाही ते आपल्या लेखी नसतेच.

गॅसबाबत मात्र नियम कडक हवा. दूध तापत ठेवून ‘एवढा एक मेसेज बघते’ म्हणत मी बाहेरच्या खोलीत गेले आणि करपल्याच्या वासाने परतले, असे इतक्यांदा घडले आहे की आमच्या शेगडीचा एक बर्नर कायमचा तपकिरी झाला आहे. अलार्म लावला तर तो बंद करून पुन्हा विसरता येते. उपयोग झाला तो एका साध्या युक्तीचा: गॅस पेटलेला असताना ओट्यापासून हलावेच लागले, तर हातातला डाव किंवा झारा खाली न ठेवता सोबत न्यायचा. दारात कुरियरवाल्यासमोर झारा घेऊन उभे राहताना संकोच वाटतो, आणि त्या संकोचामुळेच शेगडीची आठवण राहते.

वेळेचा अंदाज ही दुसरी मोठी अडचण. ‘पाच मिनिटांत निघते’ हे वाक्य खोटे बोलण्याच्या हेतूने उच्चारलेले नसते, कारण आपल्याला ती पाच मिनिटेच वाटत असतात. आठवडाभर आंघोळ, नाश्ता, पार्किंगपर्यंतचे चालणे अशी प्रत्येक गोष्ट घड्याळ लावून मोजावी. माझी दहा मिनिटांची आंघोळ चोवीस मिनिटांची निघाली. त्यानंतर पोहोचण्याच्या वेळेपासून उलटे मोजत यावे आणि अलार्म निघण्याच्या वेळेचा न लावता चपला पायात घालण्याच्या वेळेचा लावावा. बिलांसाठी बँकेतून आपोआप पैसे वळते होण्याची सोय एकदाच करून ठेवावी. त्यावर अधिक विचार करण्याची गरज नाही.

सुरूच न होणाऱ्या कामांसाठी आपल्या शहरांत एक उत्तम व्यवस्था आधीपासून आहे, ती म्हणजे अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची मुले तेथे एकमेकांशी न बोलता तासन्‌तास बसतात ती केवळ शांततेसाठी नव्हे. शेजारी कोणी काम करत असले की आपलेही काम सुरू होते. आयकराचे विवरणपत्र मी दर वर्षी तेथेच भरते. ते शक्य नसल्यास मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून दोघींनी आपापले काम करावे आणि गप्पा शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखाव्यात.

नोकरीच्या ठिकाणी निदान सांगावे की नाही, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या सूचीतील 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, परंतु एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे केवळ या निदानावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळेल असे गृहीत धरू नये. सोबत स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता असल्यास तिचे वेगळे मूल्यमापन करून घ्यावे. खासगी कार्यालयात माझ्या मते स्थितीचे नाव न घेता नेमकी सोय मागणे अधिक फलदायी ठरते. तोंडी सूचना मिळाल्यावर लगेच ‘आपल्या बोलण्यानुसार मी बुधवारी दुपारपर्यंत पहिला मसुदा पाठवते, काही राहिले असल्यास कळवावे’ एवढा ईमेल करावा. वरिष्ठांना तो शिस्तीचा भाग वाटतो, आणि आपल्याला विसरता न येणारा कागद मिळतो.

घरच्यांना समजावताना खचायला झाले, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

औषधांचा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा आणि रक्तदाब व नाडीच्या नोंदी सांभाळाव्यात. एडीएचडीवरचे मिथिलफेनिडेट हे औषध भारतात ‘शेड्यूल एक्स’मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येते, म्हणून चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो, आणि ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीवरचे दुसरे औषध या यादीत नाही, मात्र त्याचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. आणलेल्या पाकिटांवर शेवटून दहाव्या गोळीपाशी त्याच दिवशी लाल स्केचपेनने रेघ मारावी, आणि ती रेघ दिसताच, गोळी तोंडात असतानाच, डॉक्टरांच्या भेटीसाठी फोन लावावा.