वादग्रस्त वैज्ञानिक विषयावर मुख्य विधान कसे लिहावे: उदाहरण अलमट्टीचे

"अलमट्टीमुळे कोल्हापुरात पूर येतो." भूगोल किंवा पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पाला असे मुख्य विधान, म्हणजे प्रकल्पाचा एका वाक्यातला दावा, चटकन सुचते. ते ऐकायला ठाम आहे, पण तपासता येत नाही. कोणत्या वर्षीचा पूर? कोल्हापूर म्हणजे शहर की शिरोळ तालुका? आणि 'येतो' म्हणजे पाणी चढते, की चढलेले पाणी उतरत नाही?

सगळा वाद या शेवटच्या प्रश्नात आहे. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि अलमट्टी हे कृष्णेवरचे धरण तिथून पुढे, कर्नाटकात आहे. पाणी चढण्यामागे वरच्या खोऱ्यातला पाऊस आणि धरणांचा विसर्ग असू शकतो, तर उतरण्याच्या वेगावर खालच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणात साठून मागे पसरलेल्या पाण्याचा, परिणाम असू शकतो. म्हणून आधी क्रियापद ठरवा. 'पातळी वाढली' म्हणायचे असेल तर पातळीच्या रोजच्या नोंदी आणि पाऊस हवा. 'पाणी रेंगाळले' म्हणायचे असेल तर पातळी धोक्याच्या खुणेवरून इशाऱ्याच्या खुणेखाली यायला किती तास लागले ते काढा आणि त्याच तारखांचा अलमट्टीचा साठा व विसर्ग शेजारी मांडा. कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर या खुणा अनुक्रमे 43 आणि 39 फूट आहेत. शिरोळबद्दल लिहिणार असाल तर मात्र ही नोंद पुरत नाही, संगमाजवळची हवी.

इथे एक चूक सहज होते. बंधाऱ्याची पातळी तिथल्या मोजपट्टीवर फुटांत असते, तर अलमट्टीची 519.6 मीटर ही पूर्ण संचय पातळी (धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी) समुद्रसपाटीपासूनची आहे. मोजपट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवल्याशिवाय दोन्ही एका आलेखावर काढू नका.

आता विरोधी मुद्दा विधानातच घ्या. 2019 च्या पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने 2020 च्या अहवालात अलमट्टीला जबाबदार धरले नव्हते. हे टाळून लिहिलेले विधान पहिल्याच प्रश्नाला कोसळते. मराठीत 'जरी–तरी'ची रचना यासाठी तयारच आहे:

"2019 मध्ये पंचगंगेची पातळी जरी मुख्यतः खोऱ्यातल्या पावसाने चढली, तरी शिरोळ तालुक्यात पाणी ओसरायला लागलेला वेळ अलमट्टीतल्या साठ्यामुळे वाढला."

हे विधान चुकीचेही ठरू शकते, आणि ते तसे असायलाच हवे. कोणती नोंद हाती आली तर ते मागे घ्याल, हे खाली एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ: तेवढाच पाऊस, अलमट्टीचा साठा कमी, तरीही ओसरण्याचा वेग तोच. अशी ओळ सुचत नसेल तर विधान अजून कच्चे आहे.

लांबी तीसेक शब्दांपुढे नेऊ नका. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे लांबलेल्या वाक्यात दावा काय आहे हे कळेपर्यंत वाचक थकतो. 'सिद्ध होते' हे शब्द जपून वापरा. दोन-तीन पुरांच्या नोंदींवर 'दिसते' किंवा 'संभवते' एवढेच म्हणता येते.

"अलमट्टीची उंची 524.256 मीटरपर्यंत वाढवू नये" हे वेगळ्या जातीचे विधान आहे. त्यात कुणाचे नुकसान किती महत्त्वाचे मानायचे हा निर्णयही येतो, आणि तो नुसत्या पाण्याच्या आकड्यांतून निघत नाही. असे विधान घ्यायचे असेल तर तो निकष प्रस्तावनेतच उघडपणे मांडा.

नोंदी पाहून विधान बदलले, तर शीर्षक आणि उद्दिष्टेही त्याच बैठकीत बदला. तोंडी परीक्षेत परीक्षक हे तिन्ही शेजारी ठेवूनच प्रश्न विचारतात.