सासूबाईंचं पाणी आणि सोडियम

ऑक्टोबर हीटमध्ये मुंबईत धडधाकट माणूसही घामाने निथळतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेल्या आमच्या सासूबाई मात्र मुद्दाम पाणी टाळायच्या. बेडपॅनसाठी सारखी हाक कशी मारायची, हा संकोच! लघवी गडद पिवळी, जीभ कोरडी. एका संध्याकाळी तर मला नणंदेच्या नावाने हाक मारायला लागल्या. रक्त तपासलं, सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, १२८. हवं १३५ ते १४५. डॉक्टरांनी बीपीची लघवी वाढवणारी गोळी बदलली आणि बजावलं, घरच्या घरी मीठ चारू नका. सोडियम झपाट्याने वाढलं तरी मेंदूला धोका असतो.

बाकीचं काम घरचं. नुसतं "पाणी प्या हो" म्हणून काही होत नाही. बेडपॅनच्या वेळाच सासूबाईंना सांभाळणाऱ्या मावशींशी ठरवून टाकल्या. मागितलं नाही तरी द्यायचा. निम्मा प्रश्न तिथेच सुटला. चहाचा कप, आमटीची वाटी मापाच्या भांड्याने मोजून घेतली, कॅलेंडरच्या पाठीमागे दोन रकाने आखले: आत किती, बाहेर किती. रात्रीचा डायपरही वजनकाट्यावर, कोऱ्याचं वजन वजा करून; एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. (मावशी आधी पोट धरून हसल्या.)

मध्ये जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांना विचारून ओआरएस दिलं. मोठं पाकीट आख्खं एक लिटर पाण्यात, २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं. चिमूटभर पेल्यात, असं अंदाजपंचे नको. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. किडनी कमजोर असेल तर विचारूनच. सोलकढी मात्र त्या स्वतःहून मागतात, तीही रकान्यात लिहिते.