मध्ययुगातली कादंबरी कुणाच्या हाती कोणती द्यावी

"मध्ययुगातली एखादी चांगली कादंबरी सुचव ना," असं कुणी म्हटलं की मी लगेच नाव सांगत नाही. आधी विचारते, "शेवटचं अर्ध्यात सोडलेलं पुस्तक कुठलं? आणि का सोडलंस?" आवडत्या पुस्तकांच्या यादीपेक्षा या उत्तरातून वाचणारा जास्त कळतो.

ही सवय एका चुकीतून लागली. उंबेर्तो एको यांची 'द नेम ऑफ द रोझ' माझी फार लाडकी. 1327 साल, इटलीतला मठ, सात दिवस आणि एकामागून एक मृत्यू. "खुनाची गोष्ट आहे, झपाट्याने संपेल," असं सांगून मी ती मैत्रिणीला दिली. ती साठाव्या पानावरच थांबली. चूक माझी. पहिली शंभर पानं कमी करा असं सुचवलं गेलं तेव्हा एकोंनी नकार दिला होता. मठात शिरायचं तर मठाच्या चालीने चालायला शिकावं लागेल, अशी त्यांची धारणा. आता मी हे आधीच सांगते. धर्मपंथांचे वाद नीट कळले नाहीत तरी थांबू नकोस, असंही सांगते. कथानक मात्र सांगत नाही. एकच वस्तू दाखवते: चष्मा. इटलीत तो तेराव्या शतकाच्या अखेरीस आला, म्हणजे या गोष्टीत तो अजून नवलाचा आहे. तपास करणाऱ्या विल्यमचा चष्मा नाहीसा होतो, आणि इतका हुशार माणूस समोरचा मजकूर वाचायला अडतो. एवढं ऐकून बहुतेक जण पुस्तक मागतातच.

नुसतं 'मध्ययुगीन' म्हणून भागत नाही. ढोबळमानाने पाचव्या ते पंधराव्या शतकापर्यंतची हजार वर्षं त्यात येतात. साल आणि जागा सांगा.

एकाच काळातली दोन पुस्तकं हाताशी असली तर उत्तम. 1120 मध्ये 'व्हाइट शिप' हे जहाज बुडालं, इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीचा एकुलता औरस मुलगा गेला, आणि 1135 मध्ये राजा वारल्यावर त्याची मुलगी मॉड आणि भाचा स्टीफन यांच्यात गादीसाठी युद्ध पेटलं. याच धामधुमीत केन फॉलेट यांची 'द पिलर्स ऑफ द अर्थ' एक कॅथीड्रल उभं करते. जवळपास हजार पानं. पण दगड, कमानी, गवंड्यांची मजुरी यांत मन रमतं. तिच्यात बलात्काराचे प्रसंग आहेत, हे देतानाच स्पष्ट सांगा. ज्याला एवढा मोठा पल्ला नको, त्याला एलिस पीटर्स यांचा ब्रदर कॅडफेल द्या: एकेकाळी क्रूसेडमध्ये, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धात, लढलेला, आता श्रूझबरीच्या मठात औषधी वनस्पती लावणारा. वीस कादंबऱ्या आहेत, प्रत्येक आटोपशीर.

अनुवाद कुणाचा, तेही सांगा. सिग्रिड उन्सेत यांची 'क्रिस्टिन लाव्हरान्सदाटर' (1920 ते 1922, तीन भाग) मूळ नॉर्वेजियन. तिच्या जुन्या इंग्रजी अनुवादाची भाषा मुद्दाम जुनाट केलेली आहे. मी पहिल्यांदा तोच घेतला आणि क्रिस्टिन मला परकीच वाटत राहिली. पुढे टीना नन्नली यांचा साधा, स्वच्छ अनुवाद मिळाला. चौदाव्या शतकातल्या नॉर्वेतली ती हट्टी मुलगी बापाचं मन दुखावते, तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते. आता हे पुस्तक सुचवताना मी अनुवादिकेचं नाव चिठ्ठीवर लिहूनच देते.