ऑनलाइन थेरपी सुरू केलीत? मग या चुका टाळा

खारघरच्या वन-बीएचकेमध्ये चार माणसं राहतात आणि थेरपिस्टशी ज्यांच्याबद्दल बोलायचं ती भिंतीपलीकडे टीव्ही बघत बसलेली असतात. ऑनलाइन थेरपीतली सगळ्यात मोठी अडचण हीच. नेटवर्क वगैरे नंतर. सासूबाईंना ऐकू जाईल म्हणून आवाज दाबून सेशन कसंबसं उरकलं जातं आणि असं दोन-तीनदा झालं की घरात जाहीर होतं, ‘ऑनलाइनने काही होत नाही.’ मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा जे आड येत असतं ते थेरपिस्टला सांगितलेलंच नसतं.

जागा आणि वेळ

सेशनची वेळ घरातल्यांच्या दिनक्रमावरून ठरवा. आई संध्याकाळी उपवनला चालायला जाते, मुलं क्लासला असतात, तर तीच वेळ मागून घ्या. दाराजवळ टेबलफॅन लावला तरी बाहेर शब्द स्पष्ट ऐकू जात नाहीत. इअरफोन हवेतच, पण त्यांनी थेरपिस्टचा आवाज झाकला जातो, तुमचा नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलणारे बरेच आहेत. गाडी उभी असेल तर हरकत नाही. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंग हातात असताना किंवा ऐरोलीहून घरी येताना लोकलच्या दारात उभं राहून मात्र नको. मधेच रडू आलं तर सावरणार कसं?

कोणी अचानक खोलीत आलं तर काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवा. ‘लाइट बिलाचं नंतर बघू’ म्हटलं की दोघांनीही विषय बदलायचा, इतकं साधं चालतं. थेरपिस्ट सुरुवातीला तुम्ही आत्ता कुठे बसला आहात आणि गरज पडली तर घरच्या कोणाला फोन करायचा, हे विचारतात. काहींना ही चौकशी खटकते आणि ते अर्धवट पत्ता देतात. असं करू नका. समोरची व्यक्ती दुसऱ्या शहरात असते. तुमची तब्येत बिघडली तर मदत पाठवायला तिच्याकडे तेवढीच माहिती असते.

‘अनुभवी’ म्हणजे कशात अनुभवी?

प्रोफाइलवर ‘दहा वर्षांचा अनुभव’ वाचून लगेच पैसे भरू नका. सायकियाट्रिस्ट डॉक्टर असतात आणि औषधं लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. तो क्रमांक मागण्यात काही गैर नाही. समुपदेशक म्हणवणाऱ्यांचं शिक्षण मात्र फार वेगवेगळं असतं, त्यामुळे पदवी कुठली आणि कोणाच्या देखरेखीखाली काम शिकलात, हे सरळ विचारा. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही. घरातल्या ताणासाठी जात असाल, तर जोडप्यांबरोबर किंवा पूर्ण कुटुंबाबरोबर काम केलं आहे का, हे आवर्जून विचारा. परीक्षेच्या ताणावर उत्तम काम करणाऱ्याला ते जमेलच असं नाही.

आणि मराठीतून बोला. भांडण मराठीत होत असेल तर ते इंग्रजीत सांगताना धार जाते, आणि तिथेच खरं काय लागलं ते निसटतं.

थेरपिस्टला न्यायाधीश करू नका

सगळ्यात जास्त सेशनं इथेच वाया जातात. वाशीत राहणारं, दोघंही नोकरी करणारं एक जोडपं डोळ्यापुढे आणा. नवरा सेशनच्या आदल्या रात्री बायकोच्या मेसेजचे स्क्रीनशॉट पाठवून ठेवतो. बायको वहीत त्याच्या चुका लिहून आणते. दोघांची मागणी एकच, ‘तुम्हीच सांगा आता, चूक कोणाची?’ अनुभवी थेरपिस्ट हे सांगत नाही आणि मग दोघंही नाराज होतात.

थेरपिस्ट वेगळंच काही शोधत असतो. ती विषय काढते, हा गप्प होतो. हा गप्प म्हणून तिचा आवाज चढतो. आवाज चढला म्हणून हा गॅलरीत जातो. विषय पैशाचा असो, सासरचा असो की मुलाच्या मार्कांचा, क्रम तोच राहतो. तो दिसला की एखाद्या ठिकाणी थांबता येतं. म्हणून पुराव्यांऐवजी मागच्या आठवड्यातला एकच प्रसंग आणा. कोण काय म्हणालं, त्यावर तुम्ही काय केलंत, अंगात काय झालं, एवढं सांगा.

यातलीच एक घातक चूक म्हणजे जोडप्याची थेरपी चालू असताना एकाने थेरपिस्टला गुपचूप मेसेज करून काही गुपित सांगणं. काही थेरपिस्ट अशी गोष्ट स्वतःपाशी ठेवतात, काही ठेवत नाहीत. त्यांचा नियम पहिल्याच भेटीत विचारून घ्या. कॅमेऱ्याबाहेर आईला किंवा बहिणीला ऐकायला बसवू नका.

मुलांच्या बाबतीत पालक प्रत्येक सेशननंतर ‘काय म्हणाला तो?’ असं विचारतात. मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची संमती लागते, पण पंधरा वर्षांच्या मुलाला आपलं बोलणं जेवणाच्या टेबलावर पोचतं असं कळलं की तो बोलायचा थांबतो. जिवाला धोका असेल तर थेरपिस्ट तुम्हाला सांगेलच. बाकीचं मुलाच्या मर्जीने येऊ द्या.

फरक पडत नाही असं वाटलं तर

पहिली एक-दोन सेशनं माहिती घेण्यात जातात. पंचेचाळीस-पन्नास मिनिटांत वर्षांची गाठ सुटत नाही. ‘घरात शांतता हवी’ हे मोजता येत नाही, ‘रविवारचं जेवण न भांडता व्हावं’ हे येतं. असं काही ठरवून घ्या. काही सेशननंतर दिवसभर जड वाटतं, म्हणून लगेच ऑफिसची मीटिंग ठेवू नका.

तरीही थेरपिस्टचं एखादं वाक्य लागलं, प्रश्न चुकीचा वाटला, तर गायब होऊ नका. पुढच्या वेळी तेच बोला. थेरपिस्ट आणि तुमच्यातलं नातं किती घट्ट आहे यावर परिणाम बराच अवलंबून असतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घरात राग गिळायची सवय असलेल्या माणसाने थेरपिस्टला ‘मला तुमचं पटलं नाही’ म्हणणं, हा उपचाराचाच भाग आहे. त्यावर त्याने टोलवाटोलवी केली, तर खुशाल बदला.

जिथे ऑनलाइन पुरत नाही

घरात मारहाण होत असेल तर जोडप्याने एकत्र सेशन घेऊ नये. तिथे बोललेल्याची शिक्षा नंतर घरात मिळू शकते. आधी 181 ही महिला हेल्पलाइन किंवा 112. फोन कोणी तपासत असेल तर अपॉइंटमेंटचे मेसेज आणि पैसे भरल्याच्या नोंदी त्याला दिसतात, हे थेरपिस्टला सांगून संपर्काची वेगळी पद्धत ठरवा.

जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर 24 तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं, रात्र-रात्र झोप नसणं, दारू अचानक सोडल्यावर थरथर सुटणं, अशा वेळी डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहायलाच हवं. ठाण्यात 1901 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्थाही ठाण्यातलीच. तिथे गेलात म्हणून ऑनलाइन थेरपी बंद करायची गरज नाही. तिथले डॉक्टर आणि तुमचा थेरपिस्ट, दोघांना एकमेकांबद्दल सांगा आणि औषधांची चिठ्ठी थेरपिस्टलाही दाखवा.