यंदाचे आवडते सिनेमे : यादी कशी करायची, माझी पद्धत

डिसेंबर लागला की आमच्या ग्रुपवर एकच विषय, यंदा तुला काय काय आवडलं सांग. आणि मग सगळे शेवटच्या दोन महिन्यांत पाहिलेली नावं टाकतात, कारण फेब्रुवारीत काय पाहिलं होतं ते कुणालाच आठवत नसतं. मी लातूरचा, नऊ वर्षं झाली दरवर्षी यादी करतोय आणि मला हे काम मनापासून आवडतं, म्हणून म्हणलं एकदा नीट लिहून काढावं की यादी करायची कशी, तेही आपल्या मराठवाड्यात राहून, जिथं कित्येक सिनेमे येतच नाहीत आणि आले तर दुपारच्या एका शोपुरते येतात. उदाहरणं सगळी माझ्या २०२५ च्या यादीतलीच देतो.

पहिलं काम डिसेंबरचं नाहीच, जानेवारीचं आहे. सिनेमा पाहिला की त्याच रात्री नोंद करायची. मी व्हॉट्सअपवर स्वतःलाच मेसेज टाकतो, लेटरबॉक्सडवर (पाहिलेल्या सिनेमांची नोंद ठेवायचं ॲप) टाकलं तरी चालतं, वही असली तर लईच छान. तारीख, कुठं पाहिला, सोबत कोण होतं, आणि डोक्यात राहिलेली एकच गोष्ट. साडेतीन स्टार, चार स्टार असलं लिहू नका, सहा महिन्यांनी स्टारवरून काहीच आठवत नाही. ७ मार्चला 'स्थळ' लागला तेव्हा मी फक्त एवढंच लिहिलं होतं, 'सुरुवातीला बायका पोराला बघायला आल्यात'. त्या एका ओळीनं मला डिसेंबरात अख्खा सिनेमा परत आठवला. जयंत सोमलकरनं तो चंद्रपूर जिल्ह्यात स्वतःच्याच गावात, डोंगरगावात केला, गावातली साधी माणसं घेऊन, आणि नंदिनी चिकटेनं केलेली सविता बीए करतेय, तिला पुढं शिकायचंय, पण एकेक पाहुणा येतो आणि तेच प्रश्न, नाव काय, उंची किती, शिक्षण किती. इकडं बापाच्या कापसाला भाव नाही. गोष्ट विदर्भातली आहे पण परभणी-जालन्याकडच्या कापूसवाल्या घरात हेच चालतं, माझ्या चुलत बहिणीला बघायला आलेले पाहुणे मी मोजलेत, चौदा. शेवटी बहीण आतल्या खोलीतून बाहेरच यायची नाही. हे सगळं त्या एका ओळीत बसलेलं होतं.

मग वर्ष कोणतं धरायचं ते आधी ठरवा, नाहीतर भांडणं होतात. 'स्थळ' टोरंटोच्या फेस्टिवलला २०२३ मध्येच दाखवला होता, पण आपल्याला तिकीट काढून बघता आला तो २०२५ मध्ये. माझा नियम साधा आहे, महाराष्ट्रातल्या साध्या माणसाला जो पहिल्यांदा थेटरात किंवा ओटीटीवर त्या वर्षी बघता आला, तो त्या वर्षाचा. फेस्टिवलला आधीच बघितला असेल तर नोंद करून ठेवायची आणि रिलीज होईल त्या वर्षी यादीत घ्यायचा. तुमचा नियम वेगळा असू द्या, पण एकदा ठरवला की एखाद्या लाडक्या सिनेमासाठी तो वाकवू नका.

आता मुख्य अडचण, बघायचे कसे. मराठी सिनेमा शुक्रवारी लागला तर शनिवार-रविवार धरून बघून घ्या, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, सोमवारनंतर शो कमी होतात आणि दुसऱ्या शुक्रवारी पोस्टर पण दिसत नाही. ॲपवर शो दिसला नाही तर थेटरला फोन करा, कधीकधी उशिरा टाकतात. चार-पाच जण मिळून आधीच विचारलं की 'आम्ही येतोय, शो ठेवा' तर ठेवतात पण, आम्ही दोनदा केलंय. आणि पाहुण्यांकडं, लग्नाला, परीक्षेला पुण्याला-मुंबईला जाणं झालं तर तिथं काय लागलंय ते निघायच्या आधी बघून ठेवा.

यंदा सप्टेंबरात काय झालं सांगतो. १२ तारखेला 'दशावतार', १९ ला 'साबर बोंडं', २६ ला 'होमबाउंड', तीन शुक्रवारी तीन असले सिनेमे, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडं पाऊस असा कोसळला की मांजरा, तेरणा, सीना, गोदावरी सगळ्या भरून वाहिल्या, सोयाबीन पाण्यात गेलं, गावंच्या गावं अडकली. त्यात सिनेमाचं नाव कोण काढणार. 'दशावतार' मी पहिल्याच आठवड्यात बघून घेतला होता, दिलीप प्रभावळकर ऐंशीच्या पुढं गेलेला माणूस, आणि बाबुली मेस्त्रीच्या अंगात काय संचारतंय ते बघून मी इंटरवलला जागेवरून उठलोच नाही. बाकी दोन हुकले. म्हणून यादीसोबत अजून एक छोटी यादी ठेवा, हुकलेल्यांची. वर्षाच्या शेवटी त्यातले बघायचे, आणि जे तरीही राहतील त्यांची नावं 'बघायचे राहिले' म्हणून खाली सरळ लिहायची. न बघितलेल्या सिनेमाबद्दल ऐकीव मत देऊ नका, आवडला म्हणून पण नको आणि फालतू म्हणून पण नको.

'साबर बोंडं' असाच मागून मिळाला, पुण्यात बहिणीकडं गेलो होतो, तिथं एकच शो उरला होता. रोहन कानवडेचा हा सिनेमा जानेवारीत अमेरिकेत सनडान्स फेस्टिवलला गेला आणि तिथल्या जागतिक सिनेमांत ग्रँड ज्युरी प्राइझ घेऊन आला, मराठीसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे. वडील वारल्यावर आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो, नातेवाईक सारखे लग्नाचं विचारतात, आणि लहानपणचा मित्र बाळ्या परत भेटतो. बॅकग्राउंड म्युझिक नाही, कॅमेरा एका जागी थांबलेला, दोन पुरुषांचं प्रेम इतक्या शांतपणे आणि सुतकातल्या घराच्या सगळ्या रीतींसकट मराठीत मी तरी पहिल्यांदा बघितलं. आईचं काम करणाऱ्या जयश्री जगतापचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

आता निवड. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नोंदवही न उघडता कोऱ्या कागदावर आठवतील ती नावं लिहा. मग वही काढा आणि ताडून बघा. कोऱ्या कागदावर आपोआप उतरलेली नावं हीच खरी यादीची सुरुवात असते. माझ्या कागदावर पहिलं नाव 'होमबाउंड' आलं, जो मी नोव्हेंबरात नेटफ्लिक्सवर मोबाईलमध्ये बघितलेला, मोठा पडदा नाही काही नाही. नीरज घायवाननं बशारत पीर यांच्या न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखावरून केलाय, पोलीस भरतीचं स्वप्न बघणारे दोन मित्र, एक मुसलमान एक दलित, आणि नंतर लॉकडाऊन. आपल्याकडं पहाटे पाचला कुठल्याही गावाच्या रस्त्यावर जा, भरतीची पोरं पळताना दिसतात, ती पोरं या सिनेमात आहेत. आणि लॉकडाऊनमध्ये ते दोघं घराकडं निघतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर संभाजीनगरजवळचं करमाड आलं, ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर रुळावर झोपले होते आणि अंगावरून मालगाडी गेली. रुळावर पडलेल्या त्या भाकरींचा फोटो मराठवाड्यातला माणूस कसा विसरेल. मी तो सिनेमा संपल्यावर बराच वेळ कुणाशी बोललो नाही. म्हणून तो एक नंबरला, आणि तिथं मला दुसरा विचारच करावा लागला नाही.

एक काळजी घ्या, खराब शो आणि खराब सिनेमा यांची गल्लत करू नका. एप्रिलमध्ये 'सिनर्स' हा इंग्रजी सिनेमा बघायला संभाजीनगरला गेलो, त्या थेटरात पडदा इतका अंधारा की रात्रीच्या सीनमध्ये माणसं दिसेनात, आणि एका बाजूचा स्पीकर बंद. नोंदीत मी 'ठीक' लिहिलं होतं. नंतर मित्राकडं चांगल्या टीव्हीवर परत बघितला तेव्हा कळलं, १९३२ मधल्या मिसिसिपीतल्या त्या नाचगाण्याच्या खोलीत एक पोरगा गातो आणि जुन्या-पुढच्या सगळ्या काळातले वाजवणारे-नाचणारे तिथं येतात, तो सीन वर्षातल्या सगळ्यात भारी सीनपैकी आहे. शंका असेल तर दुसऱ्यांदा बघा मगच काढा किंवा ठेवा.

उलट पण होतं. 'छावा' आम्ही अकरा जण मिळून बघितला, थेटरात घोषणा, शेवटी अर्धे लोक रडत होते, मी पण. तो दिवस मी विसरणार नाही. पण नंतर शांतपणे घरी परत बघितला तेव्हा शेवटचा अर्धा तास आणि विकी कौशल तेवढाच लागला, रहमानचं संगीत त्या काळाशी मला जुळलं नाही. म्हणून पहिल्या पाचात नाही घेतला. मित्र चिडले, चालतंय, आपली यादी आपली असते, कमाई आणि रेटिंग बघून भरायची नसते.

पाच-सात नावं पुरे. दहाचा आकडा गाठायला कमी आवडलेले भरू नका. पहिल्या एक-दोघांचा नंबर लावा, बाकीचे नुसते लिहा, चौथा का सहावा यात रात्री घालवू नका.

लिहिताना प्रत्येकाला तीन-चार ओळी आणि त्यात एक तरी ठोस सीन. 'अप्रतिम अभिनय, उत्तम दिग्दर्शन' हे कुठल्याही सिनेमाला चिकटतं. शेवट सांगू नका. आणि तुमचा स्वतःचा धागा लपवू नका. 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चं नाव ऐकून मला आधी लोह्याजवळची आपली खंडोबाची मालेगाव यात्रा आठवली, आजोबा तिथं तंबूत सिनेमे बघायचे ते सांगायचे. सिनेमा नाशिककडच्या मालेगावचा, नासिर शेख आणि त्याच्या दोस्तांचा, पण ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांनी कॅमेरा उचलला हे बघताना मला आजोबांचा तंबू दिसत होता, आणि मी यादीत तसंच लिहिलंय.

तर माझे यंदाचे पाच, होमबाउंड, साबर बोंडं, स्थळ, सुपरबॉइज ऑफ मालेगाव, सिनर्स. दशावतार सहावा धरा. तुमची यादी ३१ तारखेलाच टाकायची घाई नको, जानेवारीत हुकलेल्यांपैकी दोन-तीन बघून घ्या मग टाका, माझ्या हुकलेल्यांत अजून चार शिल्लक आहेत, या रविवारी त्यातला पहिला लावतोय.